दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला

ऑक्ट्रिओटाइड. मुलाच्या शाळेचे इंग्रजी नाव घेताना ज्यांची जीभ अडखळते, त्यांच्या तोंडून हा शब्द मी बिनचूक ऐकला आहे. पाच मेडिकलवाल्यांपुढे चिठ्ठी धरून उभे राहिले की कुठलेही नाव पाठ होते. नालासोपाऱ्यात मिळाले नाही तर विरार, विरारला नाही तर वसई, तिथेही नाही तर गाडी पकडून थेट परळ. "ऑपरेशनचा जोड लीक झालाय, हे इंजेक्शन लगेच आणा, याने भोक सुकेल," असे सांगून घरच्या माणसाला पिटाळलेले असते आणि तो बिचारा धावत सुटतो.

मी मुंबईत सर्जरी वॉर्डात परिचारिका होते. निवृत्त होऊन नालासोपाऱ्याजवळच्या कळंबला आले, पण फायली पाठ सोडत नाहीत. गावात कुणाच्या पोटाचे ऑपरेशन बिघडले की "सिस्टर, जरा बघता का," म्हणत प्लास्टिकच्या पिशवीतून कागद माझ्या ओट्यावर येतात. ते वाचून वाचून जे मत झाले आहे ते गुळमुळीत न करता सांगते. हे इंजेक्शन एकट्याने भोक बुजवत नाही. ते पाझर कमी करते, तोही सगळ्यांचा नाही. भोक बुजायला ज्या गोष्टी लागतात त्या बहुतेक स्वस्त आहेत, कंटाळवाण्या आहेत आणि त्यांच्यात कुणाची चमक दिसत नाही. म्हणून त्या होत नाहीत आणि त्यांच्या जागी सुई टोचली जाते.

आधी दुखणे काय ते सांगते, कारण 'फिश्चुला' म्हटले की शेजारीपाजारी भगंदर समजतात आणि कुणीतरी क्षारसूत्रवाल्याचा नंबर आणून देतो. ते गुदद्वाराचे दुखणे, हे वेगळे. पोटाचे ऑपरेशन झाले, आतड्याची दोन टोके जोडली, तो जोड चार-सहा दिवसांनी सुटला. किंवा चिकटलेली आतडी सोडवताना कुठेतरी नकळत छेद गेला. मग टाक्यांतून आधी पिवळे, मग हिरवट, मग सरळ अन्नाचे पाणी बाहेर येऊ लागते. पोटाच्या कातडीवर उघडणाऱ्या अशा फिश्चुलांपैकी चारांतले तीन तरी शस्त्रक्रियेनंतरचे असतात. आपल्याकडे टायफॉइडने किंवा क्षयाने आतडे फुटलेला माणूस मध्यरात्री टेबलावर येतो; पोटात पू, अंगात रक्त नाही, प्रोटीन तळाला गेलेले. अशाचा जोड सुटला तर तो दर वेळी सर्जनचा गुन्हा नसतो. चांगल्यातल्या चांगल्या हाताचे जोड सुटलेले मी पाहिले आहेत. जोड सुटला म्हणून मी कुणाला फासावर चढवायला निघालेले नाही. सुटल्यानंतर काय केले, त्याचा हिशेब मागते आहे.

हिशेब म्हणजे अक्षरशः हिशेब. धडधाकट माणसाच्या अन्नमार्गात दिवसाला सात ते नऊ लिटर रस पाझरतात: लाळ, जठराचा रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचे स्वतःचे पाणी. त्यातले जवळजवळ सगळे शरीर परत शोषून घेते. वरच्या आतड्याला भोक पडले की हा माल बाहेर वाहतो. चोवीस तासांत दोनशे मिलिलिटरच्या आत असेल तर कमी पाझराचा फिश्चुला, पाचशेच्या वर गेला तर जास्त पाझराचा. आणि दोघांचे उपचार, धोके, बरे होण्याची आशा सगळे वेगवेगळे. म्हणजे पहिले औषध कुठले, तर मोजण्याचे भांडे. बॅग लावा, ती रिकामी करताना मोजा, तक्त्यात लिहा.

मी फाइल उघडली की आधी तो तक्ता शोधते. परवाच्या एका फाइलमधले पान सांगते. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण नाव बदलून हेच पान मी पुष्कळदा पाहिले आहे. औषधांच्या कागदावर ऑक्ट्रिओटाइड शंभर मायक्रोग्रॅम, कातडीखाली, दिवसातून तीनदा. पुढे प्रत्येक वेळेला नीट सही. आठ दिवस, एकही खाडा नाही. शेजारी आउटपुटचा रकाना. त्यात आकडा नाही. 'ड्रेसिंग भिजले', 'ड्रेसिंग भिजले', मग एक अधिकचे चिन्ह, मग दोन, मग परत 'भिजले'. शेवटचे तीन दिवस तर एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले. ते अक्षर ओळखायला माझ्यासारखीला भिंग लागत नाही. ज्या औषधाचे काम पाझर कमी करणे, ते आठ दिवस टोचायचे आणि पाझर मोजायचा नाही! उपयोग होतो आहे की नाही हे कुणाला आणि कसे कळणार? दोन-तीन दिवसांत पाझर ठळकपणे उतरला नाही तर हे इंजेक्शन पुढे रेटण्यात फारसा अर्थ नसतो. पण थांबवायचे कधी, हे ठरवायलाही आकडा लागतो. आकडा नसला की मात्र ते बेमुदत चालते आणि नातेवाईक बेमुदत पळतात.

आता या इंजेक्शनची जन्मकुंडली. १९७३ साली अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गिलमँ यांच्या गटाने सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक शोधले. शरीरातल्या कितीतरी ग्रंथींना 'थांबा' सांगणारा हा रेणू. गिलमँना १९७७ मध्ये नोबेल मिळाले, ते मेंदूतल्या संप्रेरकांवरच्या एकूण कामासाठी. पण सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मे संपते. द्यायचे तर थेंब थेंब अखंड चालू ठेवावे लागते. सँडोझ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याचा आखूड, टिकाऊ भाऊ बनवला, तो हा ऑक्ट्रिओटाइड. निम्मे संपायला दीड तास घेणारा, म्हणून दिवसातून तीन सुयांवर भागणारा. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती संप्रेरके ओकणाऱ्या काही गाठींसाठी, आणि पुढे हातापायांची हाडे वाढवणाऱ्या ॲक्रोमेगॅलीसाठीही. तिथे त्याने चोख काम केले आहे, मला त्याच्याशी वैर नाही. जठर, स्वादुपिंड, आतडे यांचे रस ते आटवते, आतड्याची चाल मंद करते. सर्जनांनी विचार केला, रस आटला तर भोकही भरून येईल. विचार चुकीचा नव्हता. पण नळ बारीक केला म्हणून फुटलेला पाइप सांधला जात नाही.

चाचण्या झाल्या. १९९५ मध्ये स्पेनमधल्या सर्जनांनी शस्त्रक्रियेनंतरच्या फिश्चुलाच्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले, एका गटाला सुरुवातीपासून ऑक्ट्रिओटाइड दिले, दुसऱ्याला नुसते पाणी. फरक पडला नाही. इतर काही चाचण्यांत पाझर उतरला, भोके थोडी लवकर बुजली. २०१२ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून दोन आढावे निघाले. त्यांचे तात्पर्य असे की बुजायला लागणारे दिवस कमी होतात, पण मरणारी माणसे वाचतात असे दिसत नाही. २०१७ ची अमेरिकी आणि लॅटिन अमेरिकी पोषणतज्ज्ञांची मार्गदर्शिका ते सुचवते; कुणासाठी, तर दिवसाला पाचशे मिलिलिटरच्या वर पाझर असणाऱ्या प्रौढांसाठी, आणि पोषण चालू असताना त्याच्या जोडीला. म्हणजे औषधाला जागा आहे. जागा लहान आहे, आणि तिच्या आधी चार गोष्टी आहेत.

स्वादुपिंडाच्या ऑपरेशनची गोष्ट जराशी वेगळी, कारण तिथे गळती होऊ नये म्हणून आधीपासूनच सुई चालू करण्याची पद्धत आहे. तिथेही एकमत नाही. २०१५ मध्ये केरळातल्या सर्जनांनी मऊ स्वादुपिंड आणि बारीक नळी असलेल्या, म्हणजे गळतीचा धोका सर्वांत जास्त असलेल्या रुग्णांवर चाचणी छापली. ऑक्ट्रिओटाइडने गळती टळली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाने याच कुळातल्या पॅसिरिओटाइडचे तीनशे रुग्णांवरचे आकडे दिले होते: गळती-गळवांचे प्रमाण एकवीस टक्क्यांवरून नऊवर. डोळे दिपावेत असा निकाल, आणि किंमतही तशीच. इथे कुणी त्याचे नाव काढले तर आधी घर गहाण टाकायच्या गोष्टी सुरू होतात.

आता मला ज्या आकड्यावर बोट ठेवायचे आहे तो. १९६० साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एडमंड्स, विल्यम्स आणि वेल्च यांनी आपल्याकडचे १५७ फिश्चुलाचे रुग्ण मोजले. शंभरातले त्रेचाळीस मेले होते. १९७९ मध्ये त्याच रुग्णालयाच्या ४०४ रुग्णांचा आढावा आला. १९६० ते १९७० या दशकात मृत्यूचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरले होते. त्रेचाळीसवरून पंधरा! कुठल्या इंजेक्शनने? ऑक्ट्रिओटाइड बनले नव्हते. सोमॅटोस्टॅटिन सापडलेसुद्धा नव्हते. शिरेतून पूर्ण आहार देण्याची पद्धतही तेव्हा नुकती डोळे उघडत होती. स्टॅनली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्ले निव्वळ शिरेतून अन्न देऊन वाढवली ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. माणसे वाचली ती पू वेळेवर काढल्याने, क्षार-पाण्याचा तोल राखल्याने, आणि उगाच पोट न उघडल्याने. १९६४ मध्ये अमेरिकेतल्याच चॅपमन, फोरन आणि डन्फी यांनी कामाचा क्रम लावून दिला: पाणी-क्षार भरा, पू काढा, पाझर आवरा, कातडी जपा, मग पोषण, आणि चिरफाड सगळ्यांत शेवटी. ज्यांच्या पोटात पुरेशा कॅलरी गेल्या ते जगले, उपाशी राहिले ते मेले, हेही त्यांनीच मांडून दाखवले. साठ वर्षे झाली. आमच्याकडे अजून पहिल्या दिवशी मेडिकलची चिठ्ठी निघते.

उपाशी हा शब्द मी जपून वापरलेला नाही. पलंगाच्या डोक्याशी पाटी असते: तोंडाने काही देऊ नये. ठीक आहे, काही दिवस तसे करावे लागते. पण मग द्यायचे काय? "सलाईन चालू आहे ना," घरचे म्हणतात, आणि राउंडवरचे डॉक्टरही त्यांचा समज दूर करत नाहीत. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते पंचवीस ग्रॅम. कॅलरी शंभरसुद्धा नाहीत. पन्नास किलोच्या माणसाला अशा आजारात दिवसाला निदान पंधराशे कॅलरी आणि पाऊणशे ग्रॅमच्या वर प्रोटीन लागते. निव्वळ बाटल्यांवर भागवायचे तर सतरा-अठरा बाटल्या चढवाव्या लागतील, आणि प्रोटीन तरीही शून्य. समुद्रावर जाळी ओढणारा दणकट माणूस तीन बाटल्यांवर पंधरवडा काढतो, दंडावरचे मांस उतरते, पायाला सूज येते, आणि अशा शरीराने आतड्याचे भोक भरून काढावे अशी आमची अपेक्षा! विटा न देता भिंत मागायची. वर ऑक्ट्रिओटाइड.

शिरेतून पूर्ण आहार, टीपीएन, हे महागडे काम आहे. रोजचे हजारो रुपये, वेगळी सेंट्रल लाइन, ती हाताळणाऱ्या माणसाला हात धुण्याची शिस्त, नाहीतर त्या लाइनमधूनच जंतू रक्तात. ते प्रत्येक ठिकाणी जमणार नाही, मान्य. पण भोक आतड्यात फार वर नसेल तर तोंडावाटे किंवा नळीने अन्न देता येते. भोकाच्या पुढच्या आतड्यात नळी घालून तिथून अन्न सोडता येते. २००४ मध्ये इंग्लंडातल्या सॅलफर्डच्या सर्जनांनी बारा रुग्णांवर हे केले आणि अकरांची शिरेतली बाटली सुटली. पातळ अन्न, एक मऊ नळी आणि दर दोन तासांनी ते सोडणारा धीराचा माणूस, एवढ्यावर भागते. अडते ते त्या शेवटच्या वस्तूवर.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे मला माझ्या गाववाल्यांचेही कान धरायचे आहेत. पाझर वाढला की तहान लागते. तहान लागली की आपण काय करतो? पाणी पाजतो. कळंबात तर दारात माड. मुलगा चढतो, शहाळी उतरवतो, पिशवी भरून वॉर्डात नेतो. किती प्रेमाने, आणि किती उलटे! वरच्या आतड्यातून वाहणाऱ्या पाण्यात मीठ भरपूर असते. साधे पाणी प्यायले की आतडे आपल्या अंगातले मीठ त्या पाण्यात ओतते आणि दोन्ही बॅगेतून बाहेर. जितके प्याल तितके कोरडे व्हाल. शहाळ्यात पोटॅशियम ढीगभर आणि सोडियम नावाला. ते या दुखण्यात फारसे कामाचे नाही, आणि मूत्रपिंडे थकलेली असतील तर धोक्याचे. लागते ते मीठ-साखरेचे पाणी, तेही मापून: लिटरभर पाण्यात ग्लुकोज वीस ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात हेच मिश्रण देतात. घोट घोट प्यायचे, आणि बाकीच्या पाण्या-चहाला डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा पाळायची. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी पिंपातून मीठ-साखरेचे पाणी वाटून पटकीचे मृत्यू कुठल्या कुठे खाली आणले होते. अर्धशतक उलटून गेले, त्यांना पद्मविभूषण मिळाले तेही मरणोत्तर. आणि आम्ही दुकानातून 'ओआरएस' लिहिलेले गोडमिट्ट खोके आणत राहिलो, शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाला ते नाव काढून टाकायचा हुकूम द्यावा लागला.

पाझर आटवायला स्वस्त औषधेही आहेत. लोपेरामाइड. हगवणीची ती साधी गोळी, जेवणाआधी अर्धा तास, आतड्याची चाल मंद करते. फिश्चुलाच्या रुग्णाला ती नेहमीपेक्षा बरीच जास्त मात्रेत लागू शकते. फार वाढवली तर हृदयाची लय बिघडते, म्हणून घरच्या घरी खेळ नको, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. जठराचा रस कमी करायला पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल. कोडीन काही जणांना. यांतल्या कशानेही भोक बुजल्याची ग्वाही नाही, पण पाझर कमी व्हावा हेच ध्येय असेल तर दोन-पाच रुपयांपासून सुरुवात करून वर का जायचे नाही? मी हे एका तरुण डॉक्टरला विचारले होते. तो म्हणाला, "सिस्टर, लोपेरामाइड लिहिलं तर नातेवाइकांना वाटतं आम्ही काहीच करत नाही." त्याने खरे सांगितले, आणि त्यात आपली सगळ्यांची अब्रू आहे. गोळी दिली तर उपचार नाही, बाटली लावली तर थोडा, सुई टोचली तर पुरता. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्यासारखे लोक विनाकारणच्या इंजेक्शन-सलाईनविरुद्ध महाराष्ट्रभर घसा कोरडा करत आले. आमच्या गावात अजून "एक बाटली लावा ना डॉक्टर" ऐकू येतेच.

अँटिबायोटिकचेही तेच. पोटात पू साठला असेल तर तो नळी घालून काढायचा, आणि मग अँटिबायोटिक. पू जिथल्या तिथे ठेवून रोज वरच्या इयत्तेचे अँटिबायोटिक चढवत नेणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सोनोग्राफी नाही, सीटी नाही, ताप उतरत नाही, आणि कागदावर चौथे महागडे नाव.

कातडीबद्दल बोलायला सर्जन नेहमी कंटाळतात, मी कंटाळणार नाही. आतड्याचा रस मांस पचवतो. तो पोटाच्या कातडीवर रात्रभर राहिला तर सकाळी ती भाजल्यासारखी लाल, ओली, सोललेली दिसते. रुग्ण कण्हतो ते ऑपरेशनच्या जखमेने नव्हे, या जळजळीने. कूस बदलली की रस पाठीकडे ओघळतो, चादर भिजते, वास येतो, शेजारच्या पलंगावरचे नातेवाईक नाक मुरडतात, रुग्ण खजील होऊन हलायचाच थांबतो. मग पाठीला जखमा. यावर गॉजचा ढीग दाबून वर चिकटपट्टी मारणे हा उपाय नव्हे. गॉज तो रस कातडीशी धरून ठेवतो. कातडी कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, भोकाच्या मापाची चकती कापा, कडेला पेस्ट, त्यावर बॅग. उघडी राहणारी कातडी झिंक ऑक्साइडने झाका. माप चुकले तर बॅग दोन तासांत सुटते, बरोबर बसली तर तीन-चार दिवस टिकते. हे कौशल्य आहे, शिकवावे लागते; परळच्या टाटा रुग्णालयात स्टोमा सांभाळणाऱ्या परिचारिकांना ते शिकवले गेले आहे. तशी एक परिचारिका आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक सर्जिकल वॉर्डात असावी, ही मागणी मी कुठल्या जाहीरनाम्यात वाचलेली नाही. सीटी मशीनच्या उद्‌घाटनाला आमदार येतात. झिंक ऑक्साइडच्या डबीची फीत कोण कापणार?

आपल्याला सर्जनच्या हाताचे कौतुक फार. डॉ. वि. ना. श्रीखंडे यांच्या आत्मचरित्राचे नावच '...आणि दोन हात', डॉ. रवी बापट यांचे 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' घराघरांत गेले. दोन्ही मी आदराने वाचली, ती माणसेही त्या लायकीची. पण फिश्चुला हे हाताने जिंकायचे दुखणे नाही, निदान पहिले कित्येक आठवडे नाही. जे आपोआप बुजायचे ते बहुतेक पोषण चालू असताना चार-सहा आठवड्यांत बुजतात. उरलेल्यांना पुन्हा ऑपरेशन लागते, पण तीन-सहा महिने थांबून, पोट मऊ पडल्यावर, अंगावर मांस चढल्यावर. दहाव्या-बाराव्या दिवशी घाईने परत उघडलेले पोट म्हणजे आतड्यांचा चिकट गोळा. एक भोक शिवायला जावे आणि दोन करून यावे. आणि काही भोके कुठल्याही औषधाने बुजणार नाहीत हे आधीच दिसत असते: पुढे आतडे अडलेले आहे, भोकाशी कर्करोग आहे, रेडिएशनने जळलेले आतडे आहे, आत काही परकी वस्तू राहिली आहे, किंवा आतड्याचे लालभडक अस्तर कातडीवर ओठासारखे उलटलेले आहे. असे अस्तर मी उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या रुग्णाच्या घरच्यांना त्याच दिवशी ऑक्ट्रिओटाइडची चिठ्ठी दिलेली होती.

ती चिठ्ठी घेऊन पळणाऱ्याचे हाल वेगळेच. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचे असते, गोठवायचे नसते. बाहेरच्या तापमानाला काही दिवस तग धरते. हे त्याला कुणी सांगत नाही. मेडिकलवाला "थंड ठेवा हां" म्हणतो. आमच्याकडे थंड ठेवायचे म्हणजे काय, ते होडीवाल्यांना विचारा. एका भल्या माणसाने ॲम्प्यूल थर्माकोलच्या मासळीच्या पेटीत बर्फाखाली गाडून नालासोपाऱ्याहून गाडीने नेल्या. त्याची अक्कल काढू नका. त्याला जे येते ते त्याने चोख केले. छापील किंमत ब्रँडगणिक कितीतरी पट बदलते, औषध तेच असताना. त्याला 'हाच ब्रँड' असे सांगितलेले असते. का, ते विचारायची त्याची हिंमत नसते, कारण आत बाप पडलेला असतो. २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली तेव्हा औषधे, साहित्य आणि तपासण्यांवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला होता. अहवाल आला, पेपरांत छापून आला, आणि लोक परत रांगेत उभे राहिले.

"मग योजना आहे ना," असे मला सरपंचांपासून सगळे ऐकवतात. आहे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली, २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना. संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले, चांगले झाले. पण तिचा सांगाडा पॅकेजचा. अमुक ऑपरेशन, अमुक रक्कम. बिघडलेल्या ऑपरेशननंतर अडीच महिने पलंग अडवून बसणारा, रोज प्रोटीन आणि बॅगा मागणारा, काहीही 'करायचे' नसलेला रुग्ण पॅकेजला परवडत नाही. म्हणून त्याला डिस्चार्ज मिळतो: पोटाला गॉज, हातात ऑक्ट्रिओटाइडच्या उरलेल्या चार ॲम्प्यूल, "घरीच नीट काळजी घ्या". कळंबातल्या घरात, जिथे सून सकाळी पाचला मासळी घेऊन बाहेर पडते, तिथे ती काळजी घेणार कोण, याचा रकाना डिस्चार्ज कार्डावर नसतो.

म्हणून मी आता फाइल घेऊन येणाऱ्यांना पाच प्रश्न पाठ करून घेते आणि राउंडच्या वेळी विचारायला लावते. काल बॅगेत किती मिलिलिटर आले? आज याच्या पोटात किंवा शिरेत किती कॅलरी आणि किती प्रोटीन जाणार? आत पू आहे का, आणि तो कशाने पाहिला? कातडीसाठी बॅग बसवणारी सिस्टर कोण? आणि शेवटी, हे इंजेक्शन किती दिवसांनी उपयोग नाही म्हणून बंद करणार? पहिल्यांदा डॉक्टर चिडतात. "तुम्हाला कुणी शिकवलं हे?" असे एकाने खेकसून विचारले. आमच्या कोळणीने सांगितले, "आमच्या गावच्या सिस्टरने." दुसऱ्या दिवशी तक्त्यात आकडा होता: साडेसहाशे. चौथ्या दिवशी पावणेसहाशे, इंजेक्शन चालूच. मग तेच डॉक्टर स्वतःहून म्हणाले, हे थांबवू, नळीने खायला घालू. २०२१ मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होमच्या नियमांत बदल करून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितली आहे. तिच्यात माहिती मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. ज्यांना ती सनद भिंतीवर सापडत नसेल त्यांनी ती कुठे आहे, हा सहावा प्रश्न विचारावा. औषध आणायला नालासोपाऱ्याला जायचेच असेल, तर ही सहा उत्तरे कागदावर लिहून घेतल्यावर जा.